आधी लो

रात्री तीन वाजून बारा मिनिटं.
रावपुऱ्यातली वीज गेली, आली,
आणि पतपेढीचा सर्व्हर
चुकीच्या कुशीवर उठला.

पूर आला त्या वर्षी तो तळमजल्यावर होता.
विश्वामित्रीचं पाणी कॅशियरच्या खुर्चीपर्यंत,
फाटकाशी एक मगर.
भावसारभाई तिला म्हणाले, "बेन, आजे बँक बंध छे."
असं ते सांगतात. मलाही ते बेनच म्हणतात.
तेव्हापासून सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर
आणि रात्रपाळीला मी.

पडद्यावर ओळी सरकत होत्या.
पूल उभा केला: ठीक.
पुलाचे पाय: सापडत नाहीत.
ईथ-झीरो: ठीक.
ईथ-वन: ठीक.
पण तोवर पूल हवेतच उभा राहून
स्वतःला पूर्ण समजून बसलेला.
डभोई शाखा नाही. पादरा नाही.
सकाळी दहाला पादऱ्याच्या खिडकीशी
पासबुकं घेऊन माणसं येतील
आणि त्यांना कोण सांगणार
की तुमचे पैसे आहेत, फक्त रस्ता आधी उठला
आणि जमीन नंतर.

चूक सापडायला दोन कप चहा लागला, दुसरा गार.
नव्या कंपनीच्या पोरांनी गेल्या महिन्यात
सगळं आवरून ठेवलं होतं,
छान, अक्षरांच्या क्रमाने.
बी आधी, ई मग, एल शेवटी.
शाळेत हजेरी घेतात तशी.
हजेरीला चालतं ते,
तिथे कोणी कोणाच्या खांद्यावर उभं नसतं.

जुनी फाईल मी पुसली नव्हती.
खानविलकरांची. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
आता वाघोडियाला मुलीकडे असतात, कमी ऐकू येतं.
हॅशच्या खुणेपुढे लिहिलेलं यंत्र वाचत नाही,
तिथे ते आमच्यासाठी लिहीत,
इंग्रजी अक्षरांत, मराठी:

आधी लो. घरातल्या घरात हाक पोचली पाहिजे.
मग पहारा. दार उघडण्याआधी कडी कुठे आहे ते बघा.
मग तारा. मग पूल.
पुलाला घाई असते, ऐकू नका.
मग वाट, मग नावं.
डिस्क शेवटी मागवा, ती परगावची आहे.

लो म्हणजे कुठेही न जाणारी वाट.
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
यंत्र स्वतःलाच हाक मारतं
आणि स्वतःच ओ देतं.
तार लागत नाही, शेजारी लागत नाही.
पानात डावीकडे मीठ वाढतात तसं:
कुणाचं पोट भरत नाही त्याने,
तरी ते पडल्याशिवाय वाढपी पुढे सरकत नाही.

"चालू थयुं?" खालून भावसारभाई.
"थाय छे, काका."
आणि लगेच, कुणालाच नाही, "हं, चल आता."
ओळी मोजत होते मी,
सतरा आणि पाच बावीस, हातचे दोन.
चार पिढ्या या शहरात,
भाजी गुजरातीत, पगार इंग्रजीत,
हातचा मात्र अजून
तिथेच ठेवते, जिथे आईने ठेवायला शिकवला.

नावं पुन्हा लावली, खानविलकरांच्या क्रमाने.
त्यांच्या फाईलीत तारा आणि पूल यांच्यामध्ये
एक ओळ होती: पाच सेकंद थांबा.
आणि पुढे: का ते माहीत नाही. काढू नका.

काढली नाही.
बटण दाबलं.
लो: ठीक.
पहारा: ठीक.
तारा: ठीक.
मग ते पाच सेकंद.
पंख्याची घरघर, खाली भावसारभाईंचा खोकला,
मांडवीकडे कुठेतरी दुधाच्या क्रेट आपटल्या.
पूल.

डभोईने उत्तर दिलं, चार मिलिसेकंदांत.
पादरा अजून गप्प.
तिकडे वीज आली नसेल.
मी परत विचारते.